टोलेडोच्या साडूंचं पिस्तूल

पत्र असं आहे:

"नमस्कार. आम्ही मिशिगनमध्ये कँटनला राहतो. मागच्या वर्षी आम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळालं. मुलं १२ आणि ८ वर्षांची आहेत. दिवाळीच्या आसपास आमच्या सबडिव्हिजनमधली दोन देशी घरं फुटली, सोनं गेलं. माझे साडू टोलेडोला असतात, ते सिटिझन आहेत. त्यांच्याकडे ९ मिलिमीटरचं एक जुनं पिस्तूल जास्तीचं पडून आहे. ते म्हणतात, 'तासाभराचा रस्ता, येऊन घेऊन जा. ओहायोत घरच्या घरी द्यायला कागद लागत नाही. आणि तिकडे नोंदवूबिंदवू नकोस, उद्या सरकार यादी घेऊन दारात उभं राहील.' बायको म्हणते, कागदाशिवाय असली वस्तू घरात येणार नाही. साताऱ्याला आजोबांकडे परवान्याची बंदूक होती, त्यामुळे परवाना मला कळतो. पण शेजारच्या राज्यात काहीच नाही आणि आमच्याकडे नोंद, हा काय प्रकार आहे? मी काय करावं? ऑफिसातला एक मित्र एच-वन-बीवर आहे, त्यालाही घ्यायचं आहे. त्याचंही सांगा."

नमस्कार.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. टोलेडोला जा, मेहुणीच्या हातचं जेवा, आणि रिकाम्या हाताने परत या. साडूंच्या हातून ते पिस्तूल थेट तुमच्या हातात येता कामा नये. विकत नाही, भेट म्हणून नाही, 'असू दे तुझ्याकडे' म्हणूनही नाही.

साडू सांगतात ते अर्धं खरं आहे. ओहायोत राहणाऱ्या दोन माणसांनी आपसात पिस्तुलाचा व्यवहार केला तर राज्य ना परवाना मागत, ना नोंद ठेवत, ना तपासणी करत. पण तुम्ही ओहायोचे नाही. १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट हा सगळ्या देशाला लागू असलेला कायदा आहे. त्याच्यानुसार एका राज्यातल्या साध्या माणसाने दुसऱ्या राज्यातल्या साध्या माणसाला बंदूक थेट देणं हा गुन्हा ठरतो. त्यात विकणंच नव्हे तर नुसतं देणंही येतं, अदलाबदल येते, नेऊन पोचवणंही येतं. देणारा अडकतोच, शिवाय दुसऱ्या राज्यात घेऊन आपल्या राज्यात आणणाराही अडकतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची. सूट दोनच: मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेली बंदूक, आणि नेमबाजी-शिकारीपुरती उसनी घेतलेली. साडूंना उदंड आयुष्य लाभो, तेव्हा पहिली सूट आपल्याला नकोच.

साडूंच्या ध्यानात नसलेली आणखी एक गोष्ट आहे आणि तुमच्यासाठी तीच सगळ्यात मोठी. ते सिटिझन आहेत, तुम्ही नाही. मिशिगनमध्ये परवान्याविना पिस्तूल घेणं हा मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हा. ९० दिवसांपर्यंत तुरुंग किंवा थोडा दंड. सिटिझन माणूस असला डाग पदरात घेऊन पुढे चालू लागतो. पण इमिग्रेशन कायद्यात बंदुकांसाठी वेगळं कलम आहे. बंदूक घेणं, विकणं, बाळगणं यातलं काहीही कोणत्याही कायद्याच्या विरोधात केल्याबद्दल दोषी ठरलेला परका नागरिक हद्दपारीला पात्र होतो. गुन्हा किरकोळ की गंभीर हे ते कलम बघत नाही, आणि ग्रीन कार्डवाला त्याच्या लेखी परकाच. इतकी वर्षं रांगेत उभं राहून मिळालेलं कार्ड एका फुकटच्या पिस्तुलापायी पणाला लावायचं का, एवढाच प्रश्न आहे. तुमच्या बायकोने हे कलम वाचलं नसेल, पण हिशोब अचूक केलाय.

आता सरळ मार्ग. साडूंनी पिस्तूल टोलेडोतल्या लायसन्सधारक डीलरकडे द्यावं. तो ते कँटनजवळच्या डीलरकडे पाठवेल. इथला डीलर थोडी फी घेईल आणि दुकानातलं नवं पिस्तूल विकताना जे करतो तेच सगळं करेल. साडूंनी ते स्वतःच्या गाडीत टाकून इकडे आणायची हौस करू नये. बाहेरच्या राज्यातल्या माणसाने मिशिगनमध्ये पिस्तूल बाळगायचे नियम निराळे आहेत, आणि हायवे ७५ वर ट्रूपरशी, म्हणजे स्टेट पोलिसाशी, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

इथल्या डीलरच्या काउंटरवर तुम्ही फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक घेणाऱ्याने भरायचा संघराज्याचा फॉर्म, भरायचा. त्यात नाव-पत्त्याबरोबर नागरिकत्व विचारतात, ग्रीन कार्डवरचा ए-नंबर लागतो. मग एकामागून एक हो-नाहीचे प्रश्न येतात: गुन्हा सिद्ध झालाय का, घरगुती हिंसाचारात दोषी ठरलात का, अमली पदार्थ घेता का. या शेवटच्या प्रश्नाला मिशिगनमधली बरीच मंडळी फसतात. गांजा इथे २०१८ च्या मतदानानंतर कायदेशीर झाला, पण फॉर्म संघराज्याचा आहे आणि त्यावर तसा इशारा छापलेला आहे. खोटं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा. मग डीलर एफबीआयच्या यंत्रणेत तुमचं नाव तपासतो. बाहेरून आलेल्यांची नावं कधीकधी 'डिलेड' दाखवतात, त्याने घाबरू नका, काही दिवस थांबावं लागतं इतकंच.

यानंतरचा कागद फक्त मिशिगनचा: पिस्तूल सेल्स रेकॉर्ड, फॉर्म आरआय-०६०. त्यात तुमची माहिती, पिस्तुलाची बनावट, कॅलिबर आणि सिरियल नंबर असतो. त्याची प्रत १० दिवसांच्या आत स्थानिक पोलिसांकडे किंवा शेरीफकडे (जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाकडे) पोचली पाहिजे, तिथून ती स्टेट पोलिसांच्या डेटाबेसमध्ये जाते. डीलर म्हणाला 'आम्ही पाठवतो', तरी ती जबाबदारी स्वतःची समजा आणि पोच घेऊन ठेवा. प्रत पोचली नाही तर २५० डॉलरपर्यंत दंड. हा दंड फौजदारी नाही, पण तुमच्यासारख्याने तोही ओढवून घेऊ नये. पहिले ३० दिवस पिस्तुलाबरोबर स्वतःची प्रत ठेवा. डीलरने तपासणी केलेली असल्याने पोलिसांकडून वेगळा 'लायसन्स टू परचेस' काढावा लागत नाही. तो लागतो कँटनच्याच एखाद्या शेजाऱ्याकडून घेताना: आधी पोलीस स्टेशनात परवाना, तो ३० दिवसांत वापरायचा, नाहीतर रद्द.

तुमचा खरा कुतूहलाचा प्रश्न वेगळाच आहे, की शेजारी-शेजारी दोन राज्यं आणि कायदा इतका वेगळा कसा. (टोलेडोवरून या दोन राज्यांत १८३५ मध्ये लष्कर जमवण्यापर्यंत पाळी आली होती. टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनच्या पदरात वरचा द्वीपकल्प पडला. कोण फायद्यात राहिलं यावर आजही इथे गप्पा रंगतात.) साताऱ्याचा हिशोब डोक्यात ठेवून हा प्रकार कळत नाही. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा साताऱ्यालाही तोच, सिलिगुडीलाही तोच. परवाना कलेक्टर किंवा पोलीस आयुक्त देतो, निवडणूक आली की आजोबांची बंदूक ठाण्यात जमा होते. अमेरिकेत मुळात देशाने यात हातच घातला नव्हता, सगळं राज्यांवर सोडलेलं.

सुरुवात न्यूयॉर्कची. जानेवारी १९११ मध्ये तिथे एका नामांकित कादंबरीकाराला भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्याच वर्षी टिमथी सलिव्हन या राजकारण्याच्या नावाने ओळखला जाणारा सलिव्हन ॲक्ट आला. लपवता येईल अशी कोणतीही बंदूक बाळगायची तर परवाना हवा. पोलिसांनी तो चालवला मुख्यतः नव्याने आलेल्या इटालियन लोकांवर. पुढे नॉर्थ कॅरोलायनाने १९१९ मध्ये पिस्तूल घेण्याआधी शेरीफचा परवाना लावला, मिसुरीने १९२१ मध्ये तसंच काहीसं केलं. त्या काळात या सगळ्यात एक सूत्र दिसतं: परवाना द्यायचा की नाही हे स्थानिक पोलीसप्रमुखाच्या किंवा शेरीफच्या मर्जीवर. आणि १९२० च्या अमेरिकेत शेरीफची मर्जी कुणावर असे आणि कुणावर नसे हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यात हिंदी माणसाला परवाना आणि युरोपियनाला सूट होती. तिथे निदान तसं उघड लिहिलेलं होतं.

मिशिगनचा कायदा १९२७ चा, पब्लिक ॲक्ट ३७२. तो समजायचा तर त्या वेळचं डेट्रॉइट डोळ्यांपुढे आणावं लागेल. मोटारींच्या कारखान्यांमुळे शहर फुगत चाललेलं. दक्षिणेतून काळे कामगार येतायत, युरोपातून गोरे. दारूबंदीचा जमाना, नदीपलीकडे कॅनडातलं विंडसर, रात्री होड्यांमधून दारू येतेय, पर्पल गँगसारख्या टोळ्या रस्त्यावर. आणि कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना इतकी जोरात की १९२४ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत त्यांच्या पाठिंब्यावरचा उमेदवार जवळजवळ निवडून आला होता. त्याचं नाव मतपत्रिकेवर छापलेलंसुद्धा नव्हतं, लोकांनी हाताने लिहिलं. लिहिण्यात चूक झालेल्या मतपत्रिका बाद झाल्या म्हणून तो हरला.

त्याच शहरात ऑसियन स्वीट नावाच्या काळ्या डॉक्टरने गोऱ्यांच्या वस्तीत, गार्लंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, घर घेतलं. ८ सप्टेंबर १९२५ ला ते सामान घेऊन राहायला आले. सामानात बंदुका आणि काडतुसंही होती, कारण त्या उन्हाळ्यात शहरात इतर काळ्या कुटुंबांना जमावाने घरांतून हुसकून लावलेलं त्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या रात्री घराभोवती शेकडो लोक जमले, दगड पडू लागले, खिडक्या फुटल्या. पोलीस तिथेच उभे होते. घरातून गोळ्या सुटल्या, बाहेरचा एक गोरा माणूस मेला, एक जखमी झाला. घरातल्या अकराही जणांना खुनाच्या आरोपाखाली धरलं, डॉक्टरांच्या बायकोसकट. बचावाला त्या काळचे नामवंत वकील क्लॅरन्स डॅरो आले, न्यायाधीश होते फ्रँक मर्फी, जे पुढे राज्याचे गव्हर्नर आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. मग डॉक्टरांच्या धाकट्या भावावर, हेन्रीवर, वेगळा खटला चालला. मे १९२६ मध्ये सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. १९२७ मध्ये बाकीच्यांवरचे आरोप मागे घेतले गेले.

आणि त्याच १९२७ मध्ये पिस्तुलांचा कायदा आला. 'स्वीट खटल्यामुळेच हा कायदा झाला' असं तुम्हाला मिशिगनमध्ये बरेचदा ऐकू येईल, विशेषतः नोंदणीच्या विरोधकांकडून. मी इतक्या सरळ रेषेत म्हणणार नाही. टोळ्यांच्या गोळीबाराने सगळा देश हैराण होता, वकील मंडळी सगळ्या राज्यांसाठी पिस्तूल कायद्याचा एकसारखा नमुना तयार करत होती, संसदेनेही १९२७ मध्येच टपालाने पिस्तुलं पाठवण्यावर बंदी घातली. मिशिगन त्या लाटेतच होतं. पण क्लॅन इतका बळकट असलेल्या राज्यात परवाना पोलीसप्रमुखाच्या हाती दिल्यावर तो कुणाला मिळेल आणि कुणाला मिळणार नाही, याचा अंदाज त्या विधिमंडळात कुणालाच नव्हता, हेही मला पटत नाही.

कायद्याने दोन गोष्टी केल्या. पिस्तूल घेण्याआधी पोलिसांचा परवाना, तोही दुकानातून घ्या नाहीतर मित्राकडून. म्हणजे आज ज्याला 'खासगी विक्रीचं नियमन' म्हणतात आणि ज्यावर इतर राज्यांत अजून भांडणं चालू आहेत, ते पिस्तुलांपुरतं मिशिगनमध्ये तेव्हापासून आहे. दुसरी गोष्ट म्हणजे 'सेफ्टी इन्स्पेक्शन'. घेतलेलं पिस्तूल घेऊन पोलीस स्टेशनात जायचं, काउंटरवर ठेवायचं. हवालदार ते उलटंसुलटं करून बघणार, सिरियल नंबर लिहून घेणार, आणि तुम्हाला एक छोटं कार्ड देणार. सुरक्षिततेची तपासणी म्हणजे इतकंच. घोडा नीट चालतो का, सेफ्टी लागते का, हे कुणी बघत नसे. नाव तपासणीचं, काम नोंदीचं. इथले जुने बंदूकवाले त्या कार्डाला 'ग्रीन कार्ड' म्हणतात. एखादा म्हातारा शेजारी 'माझ्या पिस्तुलाचं ग्रीन कार्ड आहे' म्हणाला तर गोंधळू नका, त्याने स्वतःच्या रिव्हॉल्व्हरसाठी इमिग्रेशनला अर्ज केलेला नाही.

ही काउंटरवरची फेरी जवळजवळ ऐंशी वर्षं टिकली. २००८ मध्ये कायदा बदलला आणि जानेवारी २००९ पासून पिस्तूल प्रत्यक्ष नेऊन दाखवायची गरज संपली. लोकांना वाटलं नोंदणीच गेली. नाही, नुसता कागद पाठवायची पद्धत आली. २०१२ मध्ये नोंद पूर्णच मोडीत काढायचं विधेयक पुढे सरकलं होतं. शेवटी जो कायदा झाला त्यात डीलरकडच्या तपासणीनंतर वेगळा परवाना नको, एवढी सवलत मिळाली आणि नोंद तशीच राहिली. त्याच सुमाराला पिस्तुलाची व्याख्या ३० इंचांवरून २६ इंच लांबीवर आली, म्हणजे काही आखूड रायफली यादीतून बाहेर पडल्या. हे तुमच्या कामाचं नाही, पण जुन्या वस्तू विकत घेणारे यात अडखळतात.

देशाच्या पातळीवर मात्र उलटी गोष्ट घडली. १९३४ मध्ये रूझवेल्टच्या सरकारने पहिला मोठा संघीय कायदा आणला तेव्हा मसुद्यात मशीनगनबरोबर पिस्तुलंही होती. सगळी नोंदवायची, हस्तांतरावर कर भरायचा. पिस्तुलं वगळली गेली, मशीनगन आणि कापलेल्या नळीच्या बंदुका राहिल्या, त्यावर २०० डॉलर कर. त्या दिवशी पिस्तुलं यादीत राहिली असती तर तुमच्या साडूंना आज हा वाद घालायला जागाच उरली नसती. १९६८ च्या कायद्याने डीलरना लायसन्स आणि दप्तर लावलं, राज्यांच्या हद्दीवर भिंत घातली, पण मध्यवर्ती यादी केली नाही. १९८६ मध्ये तर संसदेने लिहूनच टाकलं की संघराज्याने बंदूकमालकांची नोंदवही करायची नाही.

याचा परिणाम बघायचा तर वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एटीएफचं, म्हणजे बंदुकांवर देखरेख करणाऱ्या संघीय खात्याचं, केंद्र आहे तिकडे बघा. दुकान बंद करणाऱ्या डीलरांची सगळी दप्तरं तिथे खोक्याखोक्यांनी येतात. ती स्कॅन होतात, पण निव्वळ चित्रं म्हणून, नाव टाकून शोधता येणार नाही अशीच मुद्दाम ठेवलेली. गुन्ह्यातलं पिस्तूल सापडलं की माणूस बसून कारखान्यापासून घाऊक विक्रेत्यापर्यंत आणि तिथून दुकानापर्यंत एकेक दुवा शोधत जातो. दुकानातून पहिल्यांदा कुणी घेतलं इथवर माग लागतो. त्याने पुढे मित्राला विकलं असेल तर ओहायोत तिथेच खुंटतो. मिशिगनमध्ये पुढच्या हातांचीही नोंद असते. पोलिसांना ही नोंद हवी असते ती मुख्यतः याचसाठी.

१९९३ च्या ब्रेडी कायद्याने डीलरकडची तपासणी सक्तीची केली. सुरुवातीला ती स्थानिक शेरीफांनी करायची होती, पण १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संघराज्य शेरीफांना असं कामाला जुंपू शकत नाही. १९९८ च्या अखेरीस एफबीआयची फोनवरून तपासणारी यंत्रणा सुरू झाली. पण ती डीलरपुरती. दोन साध्या माणसांमधली विक्री संघीय तपासणीबाहेरच राहिली, आणि ती कोणत्या राज्याने झाकली, कोणत्या राज्याने नाही, हाच पुढचा सगळा इतिहास. कॅलिफोर्नियाने १९९१ पासून खासगी विक्रीही डीलरमार्फत करायला लावली. कोलोरॅडो २०१३ मध्ये आलं, वॉशिंग्टनने २०१४ मध्ये थेट मतदानाने केलं. नेवाडाच्या मतदारांनी २०१६ मध्ये कौल दिला तो अंमलातच आला नाही, २०१९ मध्ये विधिमंडळाला नवा कायदा करावा लागला. दुसरीकडे मिसुरीने आपला परवाना २००७ मध्ये काढून टाकला आणि नॉर्थ कॅरोलायनाने १९१९ पासूनचा शेरीफचा परवाना २०२३ मध्ये. एकाच देशात दोन्ही दिशांना गाड्या धावतायत.

मिशिगनमध्ये पिस्तुलं झाकलेली होती, पण रायफली आणि शॉटगनची खासगी विक्री मोकळी होती. १३ फेब्रुवारी २०२३ ला मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत गोळीबार झाला, तीन विद्यार्थी गेले, पाच जखमी झाले. तुमच्या ओळखीत कुणाचं ना कुणाचं मूल ईस्ट लान्सिंगला शिकत असेलच, तेव्हा ती रात्र तुम्हाला सांगायला नको. दोनच महिन्यांत गव्हर्नर व्हिटमर यांनी सगळ्या बंदुकांसाठी परवाना-तपासणी आणि घरातल्या कुलुपाचे कायदे मंजूर केले. ते लागू झाले १३ फेब्रुवारी २०२४ ला. पण त्या गोळीबाराचा एक तपशील मला कायम खटकत आला आहे. मारेकऱ्याने दोन्ही पिस्तुलं कायदेशीरपणे विकत घेतली होती, मात्र नोंदवली नव्हती, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. नोंदीचा कागद वेळेत आला नाही हे बघून दार ठोठावणारं कुणी नव्हतं. म्हणजे यादी होती, तिच्यातली गैरहजेरी कुणी वाचत नव्हतं. नोंदणीच्या समर्थकांनी याचं उत्तर द्यायला हवं आणि मी त्यांच्याच बाजूची असूनही ते मला समाधानकारक मिळालेलं नाही.

साडूंची दारात येणारी यादी. त्यांची भीती हवेतली नाही. न्यूयॉर्क शहराने १९६७ मध्ये रायफली-शॉटगन नोंदवायला लावल्या, १९९१ मध्ये त्यातल्या काही प्रकारांवर बंदी घातली, आणि मग त्याच नोंदीवरून मालकांना पत्रं गेली की शहराबाहेर न्या किंवा जमा करा. हे घडलंय. मिशिगनची पिस्तुलांची वही मात्र शंभरीला टेकली तरी तिच्या आधारे सरसकट कुणाची पिस्तुलं गोळा केलेली नाहीत, आणि २००८ पासून सर्वोच्च न्यायालयाने घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क मानलाय. त्या नोंदी शेजाऱ्यापाजाऱ्यांना मागून मिळत नाहीत. आणि मुद्दा असा की यादी आवडो न आवडो, ज्याची इमिग्रेशनची फाइल आधीच सरकारच्या कपाटात आहे त्याने एका यादीतून सुटण्यासाठी दुसरी फाइल धोक्यात घालू नये.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी बोलते. घरफोड्या तुम्ही घरात नसताना झाल्या ना? देशी घरांतल्या सोन्यावर डोळा असलेले चोर लग्नाला, देवळात गेलेली घरंच हेरतात. रिकाम्या घरातलं पिस्तूल चोराला अडवत नाही, सोन्याबरोबर तेही नेतो. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, त्याचा खर्च डीलरच्या फीपेक्षा फारसा जास्त नाही. एवढं करूनही पिस्तूल हवंच असेल तर तुमचा हक्क आहे, घ्या. पण १२ आणि ८ वर्षांची मुलं घरात असताना ते कुलूपबंद पेटीत, किंवा रिकामं करून ट्रिगर लॉक लावून ठेवणं हा आता कायदा आहे. मुलाच्या हाती लागून कुणी दगावलं तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग. हा कायदा नव्हता तेव्हासुद्धा, मिशिगनमधल्याच ऑक्सफर्ड गावच्या शाळेत २०२१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं, त्या प्रकरणात आईवडील दोघेही २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधात दोषी ठरले. पिस्तूल वडिलांनी चार दिवस आधी दुकानातून, सगळे कागद करून घेतलं होतं. पेटीची किल्ली किंवा नंबर मुलांना माहीत नसावा. बारा वर्षांच्या मुलाला आयपॅडचा पासकोड किती दिवसांत कळला होता ते आठवा आणि त्याप्रमाणे नंबर निवडा.

तुमच्या एच-वन-बीवाल्या मित्राला सांगा की थांब. १९९८ पासून नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना बंदूक आणि काडतुसं दोन्ही घ्यायला, बाळगायला संघीय बंदी आहे. मिशिगनचा स्वतःचा परवाना 'कायदेशीररीत्या आलेल्या परक्या'ला चालतो असं वाचून तो खूश होईल, पण संघीय बंदी त्याच्या वर बसते. एक सूट आहे: राज्याचा चालू हंटिंग लायसन्स असेल तर. इंटरनेटवर ती युक्ती म्हणून फिरते. लायसन्सची मुदत संपली की सूटही संपते आणि पिस्तूल मात्र घरातच असतं, तेही ग्रीन कार्डचा अर्ज लटकलेला असताना. त्याने इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारावं, आणि तुमचं पिस्तूल तुमच्या घरी आल्यावर 'जरा दोन दिवस ठेवतो' म्हणून त्याच्याकडे देऊ नका.